डोळे उघडे ठेवून काढायची रेघ

आमच्या स्टाफरूममध्ये दर रमजानला एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, रोजा असताना काजळ चालतं का हो?" चालतं. हनफी आणि शाफई, दोन्ही मतांप्रमाणे सुरमा घातल्याने रोजा तुटत नाही. उलट सुरमा ही आमच्याकडे सुन्नत समजली जाते आणि तो पुरुषही लावतात. ईदच्या सकाळी नमाजला निघालेल्या एखाद्या आजोबांच्या डोळ्यांत ती करडी-काळी झाक तुम्ही पाहिली असेल.

पण रेघ काढायची कशी, हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं आणि तेही भाचीकडून. माहेरी वरच्या मजल्यावर तिचं पार्लर आहे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तरावीहची नमाज आटोपली की तिथला जिना बायकांच्या चपलांनी भरून जातो. चाँदरातीच्या मेंदीसाठी नंबर लावून ठेवायचे असतात, त्यात आमच्या गल्लीतल्या जोशीकाकूंच्या सुनाही असतात.

मी तिला म्हटलं, "दर ईदच्या फोटोत मी झोप न झाल्यासारखी दिसते. काहीतरी कर."

तिने मला आरशासमोर बसवलं. "फुफी, सरळ बघा. डोळे उघडेच ठेवा. वरची पापणी दिसतेय?"

दिसत नव्हती. भुवईखालची कातडी वयाबरोबर सैल होऊन पापणीवर उतरली होती. पार्लरच्या भाषेत याला 'हूडेड' डोळा म्हणतात. काहींचा तो जन्मापासूनच तसा असतो. मी वीसेक वर्षं डोळा मिटून जाडजूड रेघ काढत आले. डोळा उघडला की रेघ घडीत गडप व्हायची आणि वरच्या कातडीवर तिचा ठसा उमटायचा. दिवसभर मी तो ठसा मिरवत हिंडायची.

तिने सांगितलेला उपाय असा. रेघ डोळा उघडा ठेवून काढायची, केसांच्या मुळांशी, अगदी बारीक. आयशॅडोचा गडद रंग घडीत न भरता घडीच्या किंचित वर, हाडावर लावायचा, म्हणजे डोळा उघडल्यावरही तो दिसतो. आणि तो मॅट हवा, कारण चमकीने ती सैल कातडी आणखी फुगलेली दिसते. काजळ खालच्या काठावर आतून भरलं की डोळा आणखी लहान वाटतो. ते सोडून द्यायचं आणि पापण्यांचे केस वळवून मस्कारा वरच लावायचा. हे केल्यावर आरशात मीच होते, पण झोप झालेली.

मग मी तिथेच बसून राहिले. ती प्रत्येकीच्या डोळ्यांकडे आधी नुसतं पाहते. दोन डोळ्यांच्या मधे साधारण एका डोळ्याइतकं अंतर असतं. त्याहून कमी असेल तर नाकाकडच्या कोपऱ्यात फिकट रंग आणि बाहेरच्या कोपऱ्यात गडद. अंतर जास्त असेल तर रेघ थेट आतल्या कोपऱ्यापासून. गोल डोळ्याला रेघ मधे बारीक ठेवून बाहेर थोडी लांबवायची. बाहेरचा कोपरा खाली उतरलेला असेल, तर रेघ त्या उताराच्या मागे न जाता कोपरा यायच्या आधीच वर वळवायची. पापणीला घडीच नसेल, तर खोटी घडी रंगवण्यापेक्षा मुळाशी गडद आणि वर जाताना फिकट होत जाणारा रंग चांगला.

एक गोष्ट मात्र मला खटकली. या साऱ्या युक्त्यांचा रोख शेवटी एकाच दिशेने असतो: डोळा बदामी दिसला पाहिजे. का बरं? आपल्या मराठीत मीनाक्षी आहे, मृगनयना आहे, कमलाक्षी आहे. उर्दूत नरगिसी डोळे आहेत, हरणाचे डोळे आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या पापण्या जड आहेत, अर्ध्या मिटलेल्या. त्याला 'लिफ्ट' द्यावी असं कुणाला वाटेल? मी हे बोलले, तर भाची हसून म्हणाली, "फुफी, पद्मपाणीला ईदचा सेल्फी काढायचा नसतो."

त्याच आठवड्यात घरात एक भांडणही झालं. भाच्याचं बाळ चार महिन्यांचं. अम्मीने पितळी सुरमेदानी काढली आणि बाळाच्या डोळ्यांत सलाई फिरवायला बसली. भाचीने हात धरला. जुन्या पद्धतीचा दगडी सुरमा बहुधा गॅलेना या खनिजाचा असतो, म्हणजे शिसं आणि गंधक. मूळ 'इस्मिद' म्हणजे अँटिमनीचा दगड असं मानतात, पण बाजारात त्या नावाखाली शिशाचाच विकला जातो. मूल डोळा चोळतं, बोट तोंडात घालतं आणि शिसं पोटात जातं. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही.

अम्मी उसळली. "तुम्हा सगळ्यांना घातला. कोण आंधळं झालं?"

कुणीच नाही. शिशाने अपाय होतो तो मेंदूला आणि रक्ताला, म्हणून तर तो डोळ्यांत दिसत नाही. आणि हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. ज्यांच्याकडे बाळाच्या डोळ्यांत घरचं काजळ घालतात, त्यांनाही बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात: डोळ्यांत काहीही घालू नका. शिवाय एकच सलाई घरभर फिरली की एकाचे आलेले डोळे सगळ्यांना येतात.

अम्मी दोन दिवस भाचीशी बोलली नाही. इफ्तारला खजुराची ताटलीसुद्धा तिच्याकडे माझ्या हातून सरकवायची.

तिसऱ्या रात्री तरावीहनंतर ती जिना चढून पार्लरात आली. सुरमेदानी धुऊन पुसून लखलखीत केली होती, रिकामी. ती भाचीपुढे ठेवून म्हणाली, "ही राहू दे तुझ्या काचेच्या कपाटात. आणि आता माझं बघ."

अम्मीचे डोळे खोबणीत खोल गेलेले. अशा डोळ्याच्या खळग्यात गडद रंग भरला तर तो आणखी आत जातो. म्हणून भाचीने पापणीवर फिकट रंगाचं एक बोट फिरवलं आणि केसांच्या मुळाशी काजळ-पेन्सिलीची रेघ काढायला घेतली. ब्रश जवळ आला की सवयीने अम्मीचे डोळे मिटत होते.

"दादी, उघडे. उघडेच ठेवा."