उजव्या हातावरची शाई

भरतीची जाहिरात निघाली की पांढरकवडा परिसरात पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं वाढतात, आणि त्यातल्या काहींचं लक्ष एकदम स्वतःच्या हातावर जातं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय नियमांत टॅटूची जागा ठरलेली आहे: डाव्या हाताची कोपराखालची आतली बाजू किंवा पंजाची मागची बाजू, तोही त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान. सलाम उजव्या हाताने ठोकायचा, म्हणून तो हात कोरा हवा. आमच्या शेजारच्या मुलाच्या नेमक्या उजव्या हातावर, जत्रेत गोंदून घेतलेलं, काळ्या अक्षरातलं नाव आणि त्याभोवती लाल-हिरवं गुलाबाचं फूल. त्याच्याबरोबर मी नागपूरला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

"एका बारीत निघन का, मॅडम?" त्याने बसल्या बसल्या विचारलं.

डॉक्टरांनी उत्तर देण्याआधी भरपूर विचारून घेतलं. जखम भरल्यावर कातडी जाड, उंच होते का? मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का? शेतात किती वेळ असतोस? सिगारेट? मग हात उजेडात धरून पाहिला. मला ही दहा-पंधरा मिनिटं फार मोलाची वाटली. जिथे हे प्रश्न न विचारता थेट यंत्र चालू होतं, तिथून उठून यावं.

शाई कातडीच्या वरच्या पापुद्र्यात नसते, खालच्या थरात असते. शरीरातल्या भक्षक पेशी तिचे कण गिळतात, पण कण मोठे, पचत नाहीत. पेशी ते पोटात घेऊन तिथेच बसतात. आजीच्या कपाळावरचं गोंदण आयुष्यभर टिकतं ते यामुळे. लेझरचा झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता येतो, शाई तो शोषते आणि फुटते. आजूबाजूची कातडी भाजायच्या आत काम उरकायचं, हे तत्त्व अमेरिकेतल्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 साली मांडलं. पण लेझर फक्त फोडतो. ढेकूळ फुटलं तरी माती शेतातच असते, ती वाहून न्यायला पाऊस लागतो; इथे ते काम रक्त आणि लसिका करतात, आणि ते आपल्या गतीने करतात. म्हणून दोन खेपांमध्ये सहा ते आठ आठवडे सोडायचे. व्यवस्थित भरलेल्या टॅटूला सहा ते दहा खेपा सहज लागतात, म्हणजे वर्षाची गोष्ट. हे ऐकून पोराचा चेहरा उतरला. भरतीची तारीख त्याच्या डोक्यात होती.

हातावर बधिर करणारं मलम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं, तासभर थांबवलं. मग खोलीतल्या सगळ्यांना त्या लेझरसाठीचे खास चष्मे, मलाही. हा झोत डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे इथे साधा काळा गॉगल चालत नाही. यंत्राचा टक् टक् आवाज, जळक्या केसांचा वास. काळं अक्षर बघता बघता पांढरं पडलं, खडूने गिरवल्यासारखं. ती शाई गेली नव्हती. उष्णतेने कातडीत वायूचे बुडबुडे झाले होते. वीसेक मिनिटांत पांढरेपणा ओसरला आणि नाव पुन्हा तसंच दिसू लागलं, फक्त सुजलेलं.

आपल्याकडच्या सावळ्या, उन्हात रापलेल्या कातडीचा धोका वेगळा आहे. कातडीचा रंगही प्रकाश शोषतो. 1064 नॅनोमीटरचा झोत तो कमी शोषतो, म्हणून काळ्या शाईला तो त्यातल्या त्यात सुरक्षित. लाल रंगाला 532चा लागतो, आणि तिथे पांढरे किंवा काळसर डाग राहण्याची भीती जास्त. काही वेळा ते महिनोन्महिने जात नाहीत. हिरवा तर दोन्हींना दाद देत नाही, त्याला वेगळा लेझर हवा. म्हणून फुलाला हात लावण्याआधी डॉक्टरांनी छोट्या ठिपक्यावर चाचणी घेतली. पूर्ण कोरी कातडी मिळेलच असं वचनही दिलं नाही, आणि मला ते सचोटीचं वाटलं.

घरी आल्यावर फोड आले. पाणी भरलेले फोड येणं नेहमीचं असतं; ते फोडायचे नाहीत, खरवडायचं नाही, मलम लावून झाकून ठेवायचं. पू, ताप, वाढती लाली दिसली तर मात्र लगेच डॉक्टर. सगळ्यांत अवघड पथ्य उन्हाचं. कापूस वेचणाऱ्या पोराला "ऊन टाळ" सांगणं सोपं आहे. त्याच्या आईने जुन्या सदऱ्याची बाही कापून हातावर चढवायला दिली.

भरतीच्या घाईत काही जण ॲसिडचं मलम लावतात, कोणी ब्यूटी पार्लरमधल्या केस काढायच्या यंत्राखाली हात धरतात. त्याने शाई जात नाही, भाजल्याचा कायमचा व्रण मात्र मिळतो. पैसे कमी असतील तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात आधी चौकशी करावी.

आणि गोंड, कोलाम घरातल्या मुलांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सैन्याच्या नियमांत अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला जमातीच्या रूढीप्रमाणे असलेलं गोंदण अंगावर कुठेही चालतं. त्यासाठी दाखला द्यावा लागतो. परंपरेचं गोंदण असेल तर लेझरकडे जाण्याआधी त्या दाखल्याचं पाहावं.