विनंतीअर्ज नको, युक्तिवाद हवा

मराठी शाळेत अर्जलेखन शिकवले जाते तेव्हा त्याचा साचा ठरलेला असतो. वर ‘प्रति, माननीय’, मग ‘विषय’, त्याखाली ‘वरील विषयास अनुसरून’, आणि शेवटी ‘ही नम्र विनंती’ व ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’. रजा, बोनाफाईड दाखला, फीसवलत यांसाठी हा साचा अगदी योग्य आहे, कारण तिथे देणारा देतो आणि मागणारा मागतो. पण पदव्युत्तर शिक्षणासाठी, विशेषतः परदेशी विद्यापीठाकडे किंवा धर्मविद्येच्या सेमिनरीकडे, कागदपत्रे पाठवताना हीच भूमिका मनात राहिली की चांगल्या उमेदवाराचाही अर्ज फिका पडतो. तिथली प्रवेश समिती कृपा करायला बसलेली नसते. या व्यक्तीला काय शोधायचे आहे, ते तिला झेपेल याचा पुरावा काय, आणि त्यासाठी आमचीच संस्था का, या तीन गोष्टी तिला पटवून हव्या असतात. म्हणून अर्जाची फाईल हा एक युक्तिवाद आहे. उद्देशपत्र, शिफारसपत्रे, गुणपत्रिका, लेखननमुना हे सगळे कागद त्या एकाच युक्तिवादाला आधार देणारे असावेत. हे आपल्या विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही, आणि त्याची किंमत सर्वांत जास्त मोजतात ती घरातून पहिल्यांदाच इतके शिकू पाहणारी मुले.

धर्मविद्येचे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण तिथे हा युक्तिवाद सर्वांत अवघड असतो आणि पर्यायही अनेकांना वाटतात त्याहून बरेच जास्त आहेत. ‘थिऑलॉजी’ म्हटले की पाळक किंवा फादर होण्याचे शिक्षण, एवढेच आपल्याकडे डोळ्यांसमोर येते. त्या शिक्षणाची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. बंगालमधले सेरामपूर कॉलेज १८१८ मध्ये सुरू झाले आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. आज देशभरातल्या अनेक प्रोटेस्टंट सेमिनरींमधले विद्यार्थी सेरामपूरच्याच बी.डी. आणि एम.टीएच. पदव्या घेतात. पुणे तर या विषयाचे मोठे केंद्र आहे. १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला स्थापन झालेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली, आणि यवतमाळला सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरीही पुढे इथेच स्थिरावली. अमेरिकेत मात्र धर्मविद्येच्या शाळांचे दार याहून रुंद आहे. हार्वर्ड डिव्हिनिटी स्कूलसारख्या ठिकाणी हिंदू, बौद्ध, इस्लामी परंपरांचाही अभ्यास होतो आणि प्रवेशासाठी ख्रिस्ती असण्याची अट नाही. त्यामुळे संस्कृत, तत्त्वज्ञान, इतिहास किंवा मराठी घेऊन पदवीधर झालेल्या मुलामुलींसाठीही ही वाट खुली आहे.

युक्तिवाद म्हणजे काय, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, गोव्यातल्या किंवा कोकणातल्या एका विद्यार्थिनीला फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’वर काम करायचे आहे. सर्वसाधारण उद्देशपत्र असे सुरू होते: ‘लहानपणापासूनच मला धर्म आणि संस्कृतीची ओढ आहे. आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात शिकण्याचे माझे स्वप्न आहे. संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन.’ यातले एकही वाक्य खोटे नाही, पण एकही वाक्य तिचे स्वतःचे नाही. नाव बदलून हाच परिच्छेद कोणालाही वापरता येईल. आता दुसरी सुरुवात बघा: ‘१६१६ मध्ये राचोल इथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात एका इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली आणि स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द वापरला. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या साष्टीच्या श्रोत्याला त्या शब्दातून काय ऐकू येत असेल? १९०७ ची मंगळूर आवृत्ती आणि लंडनच्या सोआस या संस्थेतले देवनागरी हस्तलिखित शेजारी ठेवून अशा शब्दांची निवड मला तपासायची आहे. जुनी मराठी मला वाचता येते, पोर्तुगीज मी शिकते आहे, आणि मिशन-इतिहासाचे प्रशिक्षण मला हवे आहे.’ इथे प्रश्न आहे, साहित्य आहे, तयारी आहे आणि उणीवही आहे. उणीव सांगितल्याने बाजू कमकुवत होत नाही, उलट तिला याच संस्थेत का यायचे आहे याचे उत्तर त्या उणिवेतूनच निघते. ओढ, आवड, स्वप्न हे शब्द तिने वापरलेले नाहीत, तरी तिची ओढ वाचणाऱ्याला दिसते.

हाच विषय वेगवेगळ्या पदव्यांसाठी वेगळा मांडावा लागतो आणि बहुतेक अर्ज इथे घसरतात. अमेरिकेत एम.डिव्ह. ही साधारण तीन वर्षांची पदवी मंडळीची, म्हणजे चर्चच्या समुदायाची, किंवा समाजाची सेवा करणारी माणसे घडवते. त्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. तिथे उमेदवाराने रुग्णालयात, वस्तीत, तरुणांच्या गटात काय केले आणि त्यातून कोणता प्रश्न उभा राहिला, हे आधी यावे. एम.टी.एस. ही साधारण दोन वर्षांची, अभ्यासाकडे झुकलेली पदवी. तिथे वरच्यासारखा प्रश्न पुढे ठेवावा. टीएच.एम. ही एम.डिव्ह. किंवा बी.डी.नंतरची, म्हणून तिथे आधीच्या अभ्यासातून नेमके काय अपुरे राहिले ते सांगावे. पीएच.डी.साठी तर संशोधनाचा आवाका, लागणाऱ्या भाषा आणि मार्गदर्शकांच्या कामाशी असलेला संबंध, हे सगळे नेमके हवे. शिवाय लेखननमुना त्या विषयाच्या जवळचा असावा. चारही ठिकाणी एकच उद्देशपत्र पाठवणे म्हणजे आपण कोणत्या दारात उभे आहोत हे न पाहताच दार वाजवणे.

आता शिफारसपत्रांकडे वळू, कारण आपल्याकडे सर्वांत मोठी हेळसांड तिथेच होते. ‘तू लिहून आण, मी सही करतो’ ही कित्येक महाविद्यालयांत रूढ पद्धत आहे. सरांचा हेतू मदतीचाच असतो. पण त्यामुळे तिन्ही पत्रे एकाच हाताची निघतात, आणि शंभर पत्रे वाचलेल्या माणसाला ते लगेच कळते. शिवाय अशा पत्रांत ‘मेहनती, प्रामाणिक, नम्र, आज्ञाधारक’ ही विशेषणे असतात, पुरावा नसतो. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी २००३ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रे तपासून एक लेख प्रसिद्ध केला. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रे तुलनेने आखूड होती, त्यांत शंका पेरणारी वाक्ये जास्त होती, आणि कष्टाळूपणाचे कौतुक जास्त तर संशोधनाचा उल्लेख कमी होता. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसावे, पण परिणाम तोच झाला. आपल्याकडे ‘गुणी मुलगी आहे’ असे कौतुकाने लिहिणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे लक्षात ठेवावे. विद्यार्थ्यानेही पत्र मागताना उद्देशपत्राचा मसुदा, जुना निबंध आणि मुदतीची तारीख किमान दीड-दोन महिने आधी द्यावी, म्हणजे सरांना लिहायला ठोस काही मिळेल. अमेरिकी अर्जांत आणखी एक चौकट असते: शिफारसपत्र पाहण्याचा हक्क आपण सोडता का? १९७४ च्या फेर्पा या तिथल्या कायद्याने तो हक्क विद्यार्थ्याला दिलेला आहे. तो सोडला तर पत्र मोकळेपणाने लिहिले गेले, असा वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. ही चौकट न समजता खूण करू नये.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: एवढे सगळे कोण वाचते, शेवटी गुणच बघतात. यात तथ्य आहे. जुली पॉसेल्ट या संशोधिकेने तीन अमेरिकी विद्यापीठांमधल्या दहा डॉक्टरेट विभागांची निवडप्रक्रिया अभ्यासली आणि समित्यांच्या बैठकांना बसून जे पाहिले ते ‘इनसाइड ग्रॅज्युएट ॲडमिशन्स’ या २०१६ च्या पुस्तकात मांडले. पहिल्या चाळणीत गुणांचे आणि परीक्षांचे आकडे फार वजनदार ठरतात, हे त्यात स्पष्ट आहे. पण चाळणीतून उरतात ते सगळेच चांगल्या गुणांचे असतात. त्यानंतरची चर्चा उमेदवाराचे वेगळेपण, त्याचा प्रश्न आणि विभागाशी त्याची जुळणी यांवर चालते. गुण दाराशी पोचवतात, आत जाण्याचा निर्णय उरलेल्या कागदांवर होतो. याच आक्षेपाचे जास्त टोकदार रूप असे, की उद्देशपत्रावरून पुढचे यश सांगताच येत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात तसाच निष्कर्ष निघाला: गुण आणि परीक्षा हाताशी असताना उद्देशपत्राने भाकितात फारशी भर पडत नाही. पण नेथन कन्सेल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये शिफारसपत्रांचे असेच विश्लेषण केले तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट दिसली. विद्यार्थी पदवी पूर्ण करील का, जिथे हुशारीपेक्षा चिकाटी लागते, याबद्दल शिफारसपत्रे इतर आकड्यांत थोडी तरी भर घालतात. उद्देशपत्रांबद्दल मला वाटते ते असे, की ती बहुतांशी एकसारखी असतात म्हणूनच त्यांतून फारसे कळत नाही. सगळेच ‘संधीचे सोने’ करणार असतील तर वाचणाऱ्याने निवडायचे कशावरून? आणि समितीला त्याचा उपयोग कमी झाला, तरी उमेदवाराला होतोच. आयुष्याची दोन ते सहा वर्षे आपण कशाला देतो आहोत, हे दोन पानांत सांगता येत नसेल, तर ते अजून ठरलेलेच नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हा सगळा खेळ इंग्रजी माध्यमातल्या, ओळखीपाळखी असलेल्या मुलांचा आहे, जिल्ह्याच्या गावातून आलेल्याने काय करायचे? म्हणून मग तो कन्सल्टन्सीकडे जातो, पैसे मोजून गुळगुळीत उद्देशपत्र लिहून घेतो, किंवा आता संगणकाकडून फुकटात लिहून घेतो. विषमता खरीच आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण विकत घेतलेल्या गुळगुळीतपणाने ती कमी होत नाही. अशा लिखाणात भाषा निर्दोष असते, पण त्यात ती व्यक्ती नसते, आणि अनेक संस्था असे लिखाण उघडपणे नाकारतात. मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याकडे जे असते ते विकत मिळत नाही. मोडी वाचता येणे, कीर्तनाची परंपरा आतून माहीत असणे, गावातल्या मंडळीचा किंवा दिंडीचा अनुभव असणे, ही धर्माच्या अभ्यासात जमेची बाजू आहे. साध्या, बिनचूक इंग्रजीत ती मांडली तरी पुरते. भाषा तपासून घ्यायला कोणाचीही मदत जरूर घ्यावी, पण विचार मात्र स्वतःचा असावा.

तिसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. पाचारण, म्हणजे देवाने सेवेसाठी बोलावणे, ही देव आणि माणूस यांच्यातली गोष्ट, ती फॉर्मवर मांडणे म्हणजे स्वतःची जाहिरात नव्हे का? आपल्या संस्कारांत स्वतःबद्दल बोलणे तसेही बरे समजले जात नाही, म्हणून हा संकोच मनाला पटतो. पण पाचारणाची पारख एकट्या माणसावर चर्चने कधी सोपवलेली नाही. म्हणूनच आपल्याकडच्या अनेक सेमिनरी पाळकांचे आणि मंडळीचे पत्र मागतात: या व्यक्तीला इतरांनी पाहिले आहे का, तिच्यामागे कोणी उभे आहे का? साक्ष देणे आणि बढाई मारणे यांत फरक आहे, आणि तो पुराव्याचा आहे. ‘मला सेवेची तळमळ आहे’ ही बढाई ठरू शकते. ‘दर रविवारी मी बोर्डिंगमधल्या मुलांना शिकवते, आणि त्यांच्या एका प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही’ ही साक्ष आहे. जिथे श्रद्धेची अट नाही तिथेही हाच नियम लागू पडतो.

पुढचे काम वेळेचे आहे. अमेरिकी संस्थांच्या मुदती बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपतात, म्हणजे पुढच्या ऑगस्टमध्ये जायचे असेल तर आदल्या पावसाळ्यातच कामाला लागावे. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मिळायला वेळ लागतो. टक्केवारीचे चार गुणांच्या मापात रूपांतर स्वतः करू नये. ६० टक्क्यांना आपल्याकडे प्रथम वर्ग मिळतो, हे शिफारस करणाऱ्या सरांनी एका ओळीत समजावले तर मोठा गैरसमज टळतो. एखादा विषय राहिला असेल, वर्ष वाया गेले असेल, तर कारण दोन वाक्यांत सरळ सांगावे आणि पुढे जावे. पीएच.डी.साठी शिष्यवृत्तीचा देकार आला तर घाईने होकार देऊ नये. तिथल्या विद्यापीठांच्या सामायिक ठरावानुसार, त्यावर सही केलेल्या संस्था १५ एप्रिलपूर्वी उत्तराची सक्ती करत नाहीत.

हे सगळे शिकवता येण्याजोगे आहे, आणि ते शिकवण्याची जबाबदारी महाविद्यालयांची आहे. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न दोन पानांत, पुराव्यासह मांडायला लावावा. तो तिघांनी वाचावा आणि लाल शाईने परत द्यावा. शिक्षकांनी वर्षातून एक शिफारसपत्र विशेषणाशिवाय लिहून पाहावे. यासाठी निधी लागत नाही, नवे सभागृह लागत नाही. लागते ती एवढीच मान्यता, की आपला विद्यार्थी मागणारा नाही, त्याच्याकडे देण्यासारखा प्रश्न आहे आणि तो मांडण्याचा त्याला हक्क आहे.