मित्रराष्ट्र चढाईला केव्हा येते?

स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने २०१३ मध्ये आणलेल्या ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ या संगणकीय खेळात मैत्रीचा करार झाला म्हणजे सैन्य मिळालेच, असे नाही. बचावाच्या युद्धात मित्र सहसा मदतीस येतो; चढाईसाठी मात्र त्याला मोबदला हवा असतो. दीर्घ मैत्रीतून साठलेल्या उपकारांपैकी १० खर्चून त्याला बोलावता येते. उपकार नसल्यास जिंकलेल्या मुलखात वाटा देण्याचे वचन द्यावे लागते. हा मार्ग झटपट, पण फसवा आहे; तहाच्या वेळी वचन मोडल्यास मित्राचा विश्वास उडतो. मित्र कर्जात बुडालेला असेल, तर आमिषही व्यर्थ ठरते. त्याचा होकार-नकार युद्ध पुकारण्याच्या पटलावर आधीच दिसतो. तो न पाहणारे नवखे खेळाडू बलाढ्य शत्रूपुढे एकटे पडतात.