छायाचित्रातली माशी

माझ्याजवळ तुळशीच्या मंजिरीवर बसलेल्या माशीचे एक छायाचित्र आहे. अंगावर पिवळे-काळे पट्टे, रंग कसे लखलखीत. मी शिकवतो अर्थशास्त्र, माश्या हा माझा रविवारचा उद्योग. तरी दोन वर्षे हे चित्र मी आल्यागेल्याला 'ही पाहा सातेरी' म्हणून ऐटीत दाखवीत असे. एके दिवशी शेजारची शाळकरी मुलगी म्हणाली, "काका, हिला मिशा कुठं आहेत?"

पाहतो तो खरेच! मिशा म्हणजे नुसती दोन टोके, आणि सारे डोके डोळ्यांनीच व्यापलेले. ती मधमाशी नव्हेच. फुलापुढे अधांतरी तरंगणारी, मधमाशीचे सोंग घेतलेली ती दोन पंखांची माशी. मधमाशीला पंख चार. पण चित्रात पंख मोजण्याच्या भरीस पडू नये. मधमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकतात नि दोनच दिसतात. मिशा मात्र लांब, कोपरात वाकवल्यासारख्या.

मग पराग कुठे लादलाय ते पाहावे. मागल्या पायांवर ओलसर गोळे असले तर ती सातेरी, फुलोरी, आग्या यांच्या गोतातली. पोटाखाली पिवळी भुकटी असली तर बहुधा गुलाबाच्या पानांना गोल कातरे पाडणारी. आकारावर विसंबू नये. आग्या फुलोरीच्या जवळजवळ दुप्पट, पण जवळून टिपल्यावर दोघी सारख्याच! म्हणून एका चित्रात अख्खे फूल येऊ द्यावे. फुलोरीच्या पोटाचा पुढचा भाग तांबूस असतो, ही खूण बरी.

सातेरी आणि पेट्यांतून पाळतात ती युरोपीय मेलिफेरा यांचा निवाडा मात्र मागल्या पंखातल्या एका लहानशा शिरेवर होतो. सातेरीला ती असते, मेलिफेराला नसते. बसल्या माशीच्या चित्रात ती कुठली दिसायला?

निळ्या पट्ट्यांची अमेजिला टोमॅटोच्या फुलांवर येते. संध्याकाळी तिचे नर जबड्याने काडी धरून झोपतात, तेव्हा चित्र निवांत घेता येते. पण तसलेच निळे पट्टे असलेल्या जाती अनेक, नि त्यांतला भेद पुष्कळदा भिंगाखालीच कळतो. मी चित्रामागे तारीख, गाव, फूल आणि 'अमेजिला, जात अनिश्चित' एवढेच लिहितो. एका स्नेह्यांना हे अर्धवट वाटते. वाटो बापडे! उद्या कोणी या गावातल्या माश्यांची यादी करू लागला, तर माझ्या खोट्या सातेरीने त्याला फसवलेच असते. तुळशीवरच्या चित्रामागे मी आता नुसते 'माशी' लिहिले आहे, आणि त्याखाली, त्या मुलीच्या आग्रहावरून, 'मिशा पाहाव्यात'.