म्यानाच्या टोकाला धातूची टोपी कशासाठी?

पनवेलमधल्या एखाद्या लग्नात नवरदेवाच्या हातातली तलवार पाहा. लाल मखमली म्यान, टोकाला पितळी टोपी. शोभेची वाटणारी ही टोपी म्हणजे तहनाळ. म्यानाच्या तोंडाशी असते ती मोहनाळ.

जुनं म्यान म्हणजे लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या आणि वरून चामडं किंवा मखमल. तलवार सतत आत-बाहेर होणार, घोड्यावर चढता-उतरता टोक आपटणार. पट्ट्या आधी उकलणार त्या तोंडाशी आणि टोकाशी, म्हणून धातू नेमका तिथे. सरदारांच्या म्यानांवर सोन्याचांदीची नक्षीही इथेच चढे.

उत्तर युरोपातल्या व्हायकिंगांची म्यानंही लाकडाचीच. काहींना आतून लोकर लावलेली असे. तिच्या तेलकटपणामुळे पातं सहसा गंजत नसे. हजार वर्षांत लाकूड, चामडं, लोकर बहुतेक सगळं कुजलं, उरली ती मुख्यतः काशाची तहनाळ. स्वीडनमधल्या बिर्का इथे पक्ष्याची आकृती असलेल्या, १०व्या शतकातल्या तहनाळी सापडल्या आहेत. आज विकत मिळणाऱ्या व्हायकिंग म्यानांच्या नकला अशाच तुकड्यांवरून घडतात. बाकीचा बराचसा अंदाज.

आपल्याकडे नेमकं उलट घडतं. घरातल्या जुन्या तलवारीला दसऱ्याआधी नवं म्यान येतं आणि जुनी तहनाळ भंगारात जाते. मखमल खुशाल बदला, पण जुनी तहनाळ-मोहनाळच पुन्हा बसवून घ्या. आणि घासून चकचकीत करू नका. मुलामा असेल तर तोही निघून जाईल.