पडद्यावरचे गणगोत

परभणी, प्रतिनिधी : खेळ सुरू होतो तेव्हा गाव शांत असते. आई नायकाला हाक मारून उठवते, शेजारचा म्हातारा काहीतरी निरोप देतो. पंधरा-वीस मिनिटांत गावावर राक्षसांची धाड पडते, घरे पेटतात आणि नायक पोरका होतो. अद्भुतरम्य 'रोल-प्लेइंग गेम' या प्रकारातील कितीतरी व्हिडिओ गेमची ही जवळजवळ ठरलेली सुरुवात आहे. परभणी, गंगाखेड, सेलू, जिंतूर येथील मुलांच्या हातीही मोबाइलवरून हे खेळ आले आहेत. मुलगा काय खेळतो याची चौकशी पालक करतात ती बहुधा दोनच कारणांनी. पैसे जातात का आणि डोळे बिघडतात का. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी आणली. येथे ज्या खेळांचा विचार करायचा आहे, त्यांचा त्या जुगाराशी संबंध नाही. त्या लांबलचक कथा आहेत, कधीकधी शंभर तास चालणाऱ्या. त्या कथांत आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा-बायको यांचे चित्र कसे रंगवले जाते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

नायकाला पोरके करण्यामागे लेखकांचा निर्दयपणा नाही, सोय आहे. कादंबरीतील नायकाला त्याची आई ठाऊक असते. खेळातील नायकाच्या अंगात मात्र एक परका माणूस, म्हणजे खेळणारा, शिरलेला असतो. आई समोर येऊन 'काल काय ठरले होते?' असे विचारू लागली, तर तो निरुत्तर होणार. शिवाय खेळणाऱ्याला वाटेल तिकडे भटकण्याची मुभा हवी असते. घरी वाट पाहणारे कोणी असेल, तर तो डोंगरापलीकडची गुहा धुंडाळत बसणार कसा? तेव्हा घर जाळून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. त्यातून सूडाचे कारणही आयते मिळते.

नाते तोडायचे, पण त्याची ओढ शिल्लक ठेवायची, ही दुसरी वाट. तिचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ आणला. काटेकोर अर्थाने तो रोल-प्लेइंग गेम नव्हे, साहसकथा आहे. पण त्याचा सारा भार एका नात्यावर उभा आहे. सर्कशीत कसरती करणाऱ्या राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. तिची ही वाटचाल दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून आपल्याला कळत जाते. राखी बांधून घेणाऱ्या भावाने बहिणीचे रक्षण करावे, हा आपला संकेत. येथे शस्त्र बहिणीच्या हाती आहे. परदेशी समीक्षकांनी या खेळातील शिल्प-स्थापत्याचे कौतुक केले. मराठी घरात वाढलेल्या माणसाला मात्र आधी ही उलटलेली राखी दिसेल.

घर गेल्यावर नायक एकटा राहत नाही. वाटेत त्याला सोबती भेटतात. कोणी तलवारबाज, कोणी वैदू, कोणी चोर. रात्री शेकोटीभोवती त्यांच्या गप्पा रंगतात, रुसवेफुगवे होतात आणि हळूहळू हेच त्याचे कुटुंब बनते. ही कल्पना आपल्या जिल्ह्याला परकी वाटू नये. गंगाखेडच्या जनाबाई लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आल्या, असे परंपरा सांगते. स्वतःला नामदेवांची दासी म्हणवणाऱ्या जनाबाईंनी विठ्ठलाला आई मानले आणि लोकांनी त्या विठ्ठलाला त्यांच्या जात्याशी दळायला बसवले. रक्ताबाहेरचे नाते जोडताना त्यात काम असते, कष्ट असतात, हे त्या कथेला नेमके ठाऊक आहे. खेळांतही जेथे सोबत्यांना लढाईपलीकडचे काम आणि स्वतःचे दुःख दिलेले असते, तेथेच ते नाते खरे वाटते.

खेळ नात्यांना आकड्यांत बसवू लागले की त्यांचा कस लागतो. संगणकाला सर्व काही मोजावे लागते, मायासुद्धा. २०११ च्या 'स्कायरिम' या गाजलेल्या खेळात मारा देवीचे ताईत गळ्यात घालून फिरले की, आधी ज्याचे एखादे काम करून दिले आहे असे पात्र लग्नाला तयार होते. लग्नानंतर जोडीदार दुकान टाकतो, रोज नफ्याचे शंभर नाणे देतो, एक वेळचे जेवणही वाढतो. २०१२ मध्ये आलेल्या पुरवणी भागात अनाथ मुले दत्तक घेण्याची सोय झाली. जास्तीत जास्त दोन. सासर नावाचे प्रकरण जवळजवळ नाहीच. असा संसार कोणाला नको वाटेल?

'स्टारड्यू व्हॅली' या खेळाकडे तर शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्याने आवर्जून पाहावे. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने तो तयार केला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अंथरुणाला खिळलेला आजोबा नातवंडाच्या हाती एक बंद पत्र देतो. पुढे कंपनीच्या कचेरीत पिचलेले ते नातवंड पत्र उघडते, तर आजोबांचे शेत त्याच्या नावे झालेले असते. पेरणी, पाणी, गुरे, शिवाय खाणीतले राक्षस आणि जंगलातले जादूगार असा हा खेळ आहे. आईवडील कथेत आहेत, पण ते फक्त अधूनमधून पत्र आणि भेटवस्तू पाठवतात. गावकऱ्यांशी जवळीक बदामांत मोजली जाते. आठवड्यातून दोन भेटवस्तू देत राहिले की बदाम भरतात. पुष्कळ भरले की लग्न होते, मुले होतात. ही मुले रांगू-धावू लागतात आणि तेथेच थांबतात. वर्षे उलटली तरी ती शाळेत जात नाहीत, मोठी होत नाहीत. ती नकोशी झाली, तर चेटकिणीच्या झोपडीतील वेदीवर एक दुर्मीळ रत्न वाहायचे, की त्यांची पाखरे होऊन उडून जातात! तिसऱ्या वर्षाच्या आरंभी आजोबांचा आत्मा येऊन नातवंडाने शेत कसे राखले याचा निवाडा करतो.

सोयाबीन-कापसाच्या आपल्या भागात आजोबा गेल्यावर काय होते, ते कोणास सांगायला नको. सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवायची असतात. काका असतात, आत्या असतात. २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे. बांध कोरल्याचे भांडण असते आणि त्याच बांधावर बसून वाटून खाल्लेली भाकरीही असते. 'स्टारड्यू'च्या शेताला एकच वारस आहे. हा खेळ सुखद आहे, मनाला विसावा देतो. पण तो विसावा भाऊबंदकी वगळून मिळालेला आहे. महाभारत ज्या समाजाने घरोघर ऐकले, त्याला ही उणीव जाणवल्याशिवाय राहणार नाही.

सर्वच खेळ इतके सोपे नाहीत. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा 'द विचर ३' हा २०१५ चा खेळ प्रौढांसाठी आहे, मुलांच्या हाती देण्याचा नव्हे. त्यात एक सरदार आपली हरवलेली बायको आणि मुलगी शोधून देण्याची गळ नायकाला घालतो. शोध घेता घेता कळते की, त्या हरवलेल्या नाहीत, त्याच्या दारूला आणि मारहाणीला कंटाळून निघून गेल्या आहेत. त्या सरदाराची कीव करावी की संताप, हे खेळ सांगत नाही. नायकाची मानसकन्या सिरी हिच्या बाबतीत तर गंमतच आहे. ती जगेल की नाही, हे तलवारीवर ठरत नाही. ती खचलेली असताना बापाने तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळावे की 'तुला सगळे जमलेच पाहिजे असे नाही' असे म्हणून दारूचा पेला पुढे करावा, मोठ्यांच्या बैठकीला तिच्याबरोबर आत शिरावे की तिला एकटीला जाऊ द्यावे, अशा लहान प्रसंगांवर शेवट अवलंबून असतो. मुलीवर विश्वास टाकणारा बाप तिला परत मिळवतो.

आणि हे सारे फार नवे आहे असेही नाही. १९९२ मध्ये जपानमध्ये आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट ५' या खेळात नायक प्रथम वडिलांचे बोट धरून फिरणारा सहा वर्षांचा मुलगा असतो. शत्रू त्या मुलाच्या गळ्याला शस्त्र लावतात, म्हणून वडील प्रतिकार न करता डोळ्यांदेखत मरण पत्करतात. मुलगा दहा वर्षे गुलामीत काढतो, सुटतो, दोन मुलींपैकी एकीशी लग्न करतो, जुळ्यांचा बाप होतो आणि मग आठ वर्षे दगडाचा पुतळा होऊन पडतो. तेवढ्या काळात मुले मोठी होतात आणि तीच बापाला शोधून काढतात. या खेळातील दैवी तलवार वडिलांनी मुलासाठी जपून ठेवलेली असते. ती मिळाल्यावर खेळणारा मोठ्या आशेने हाती घेऊ पाहतो, पण ती त्याला पेलत नाही. पुढे ती त्याच्या मुलाच्या हाती सहज शोभते, कारण ज्या वीराचा शोध आजोबांनी आयुष्यभर घेतला, तो हा नातू असतो.