वाट पाहणाऱ्यांची रांग

वाट पाहणे हे समुद्रकाठच्या माणसाला नवे नाही. वादळात सापडलेली होडी, बोटीवर गेलेला तारवटी, आखातात नोकरीस गेलेला मुलगा यांची खबर येईपर्यंत दाराकडे डोळे लावून बसलेली घरे ह्या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. मात्र अलीकडे वाट पाहण्याचा एक नवाच प्रकार मध्यमवर्गीय घरांत शिरला आहे. हातात मोबाईल, पडद्यावर एका कंपनीच्या शेअरचा भाव आणि त्याच्या पुढे लाल रंगातले उणे चिन्ह! विकावे म्हटले तर घेणारा नाही. ठेवावे म्हटले तर कंपनी उद्या उभी राहील की नाही ह्याचा भरवसा नाही. आणि विचारावे तर उत्तर देणारा कोणी समोर नाही. २०२५ च्या मार्च-एप्रिल महिन्यांत जेनसोल इंजिनिअरिंग ह्या कंपनीच्या सुमारे एक लाख दहा हजार भागधारकांनी हे दिवस काढले. त्या प्रकरणाचा ऊहापोह करणे आम्हांस अगत्याचे वाटते. पैसे बुडणे ही दुःखाची गोष्ट खरीच. परंतु पैसे बुडत असताना मालकालाच अंधारात ठेवले जाणे, ही त्याहून गंभीर गोष्ट आहे.

प्रकरण थोडक्यात असे. जेनसोल ही सौर ऊर्जा प्रकल्पांची कामे घेणारी कंपनी. २०१९ मध्ये मुंबई शेअर बाजाराच्या लहान उद्योगांसाठी असलेल्या मंचावर तिची नोंदणी झाली आणि २०२३ मध्ये ती मुख्य बाजारात आली. अनमोलसिंग जग्गी व पुनीतसिंग जग्गी हे तिचे प्रवर्तक बंधू. ह्याच बंधूंचा ब्लूस्मार्ट हा दुसरा उद्योग २०१९ पासून दिल्ली परिसरात, आणि पुढे बंगळूर येथे, विजेवर चालणाऱ्या टॅक्सी चालवू लागला. ब्लूस्मार्ट हा नवोद्योग, म्हणजे हल्लीच्या पिढीच्या भाषेत स्टार्टअप. धूर नाही, आवाज नाही, भाड्याची घासाघीस नाही, म्हणून शहरी प्रवाशांत त्याचे मोठे कौतुक झाले. त्याचे शेअर बाजारात मिळत नसत. परंतु त्याच्या ताफ्यातील असंख्य गाड्या जेनसोलने कर्ज काढून घेतलेल्या आणि त्याला भाडेपट्ट्याने दिलेल्या होत्या. त्यामुळे ह्या नव्या युगात आपलाही चार पैशांचा वाटा असावा असे ज्या सामान्य माणसाला वाटले, त्याला जेनसोल हेच प्रवेशद्वार होते.

ह्या दारातून किती माणसे आत आली, त्याचा हिशेब भांडवलबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या १५ एप्रिल २०२५ च्या अंतरिम आदेशात आहे. २०१९-२० मध्ये प्रवर्तकांखेरीज अवघे १५५ भागधारक होते. पाच वर्षांत ते सुमारे १ लाख १० हजार झाले. त्याच काळात प्रवर्तकांचा हिस्सा मात्र ७० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांच्या आसपास उतरला. ज्या घरात पाहुण्यांची गर्दी वाढत आहे त्याच घरातून यजमान आपले सामान हळूहळू हलवीत असेल, तर चाणाक्ष पाहुण्याने काय समजावे?

त्याच आदेशातील पैशाची कथा अधिक बोलकी आहे. इरेडा व पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन ह्या दोन सरकारी संस्थांकडून कंपनीने सुमारे ९७८ कोटींचे कर्ज उचलले. पैकी सुमारे ६६४ कोटी ६,४०० विजेच्या गाड्या घेण्यासाठी होते. कंपनीचा स्वतःचा वाटा धरता गाड्यांवर सुमारे ८३० कोटी खर्च व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात ४,७०४ गाड्या सुमारे ५६८ कोटींना घेतल्या गेल्या. उरलेल्या सुमारे २६२ कोटींचा हिशेब लागला नाही. गाड्यांसाठी आलेल्या कर्जातील काही रक्कम हातोहात फिरत गुरुग्राम येथील एका आलिशान निवासिकेच्या खरेदीस लागल्याचेही सेबीने नोंदविले. हे निष्कर्ष प्राथमिक आहेत, न्यायालयाने दिलेली शिक्षा नव्हे, हे आम्ही विसरत नाही. पण कर्ज देणाऱ्यांच्या नावाने सादर केलेली नियमित परतफेडीची प्रमाणपत्रे आपण दिलेलीच नाहीत, असे त्या दोन्ही संस्थांनी सांगितल्याचे जेव्हा आदेशात वाचावयास मिळते, तेव्हा केवळ धंद्यातील चढउतार म्हणून ह्या प्रकरणाकडे पाहता येत नाही.

आता, कोणाला काय केव्हा कळले, ह्याचा क्रम पाहा. तक्रार सेबीकडे आली जून २०२४ मध्ये. त्या महिन्यात शेअरचा भाव अकराशे रुपयांच्या वर होता. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने आपल्या नव्या विजेच्या मोटारीसाठी तीस हजार गाड्यांची आगाऊ मागणी आल्याचे बाजाराला कळविले. पुढे चौकशीत दिसले ते असे की, ती मागणी नव्हतीच. नऊ संस्थांशी झालेले ते इच्छादर्शक करार होते आणि त्यांत ना गाडीची किंमत होती ना ती देण्याची मुदत. मार्चच्या आरंभी दोन पतमापन संस्थांनी कंपनीची पत शेवटच्या पायरीवर, म्हणजे कर्ज थकविणाऱ्यांच्या वर्गात, आणून ठेवली. त्यानंतर भाव दिवसामागून दिवस घसरणीची कमाल मर्यादा गाठू लागला. अशा पडत्या भावात विकणाऱ्यांची रांग असते, घेणारा क्वचितच असतो. आणि त्याच मार्चमध्ये संचालक मंडळाने दहा रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे एकेका रुपयाचे दहा भाग पाडण्याचे ठरविले! शेअर स्वस्त दिसला की आणखी लहान गुंतवणूकदार ओढला जाईल, हे ओळखून सेबीने तो बेत रोखून धरला. एप्रिलच्या मध्यास भाव दीडशेच्याही खाली होता.

म्हणजे नियंत्रक, कर्ज देणारे आणि पतमापन संस्था यांना आधी कळले, आणि ज्याच्या नावे कंपनीची मालकी कागदोपत्री लिहिलेली आहे त्या लहान भागधारकाला सर्वांत शेवटी. आमच्या मते ह्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. धंद्यात बुडण्याची जोखीम भागधारकाने पत्करलेली असते. ती त्याने तक्रार न करता सोसावी. परंतु खोटी खबर आणि उशिरा आलेली खरी खबर ही जोखीम त्याने कधीच पत्करलेली नसते.

एक प्रसंग ह्या संदर्भात मनात घर करून राहतो. ९ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचा अधिकारी पुण्याजवळच्या चाकण येथे जेनसोलच्या मोटार कारखान्यावर गेला. तेथे त्याला उत्पादनाचा मागमूस दिसला नाही. दोन-तीन मजूर तेवढे आढळले. मागील बारा महिन्यांत महावितरणचे मोठ्यांत मोठे बिल सुमारे १ लाख ५७ हजार रुपयांचे, तेही एका महिन्याचे. मोटारी तयार करणारा कारखाना एवढ्या विजेवर चालत नाही, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

ह्या चाकणपासून फार दूर नसलेल्या तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या वर्गणीतून भट्टी पेटली. तो पैसा देणगीचा होता, नफ्याच्या आशेने घातलेला नव्हता, हा फरक आम्ही जाणतो. पण देणाऱ्याच्या पैशाचे काय झाले हे कोणालाही तळेगावास जाऊन डोळ्यांनी पाहता येत होते. तेथे शिकलेले कारागीर पुढे अन्य कारखान्यांत कामास लागले. लहान माणसाच्या पैशातून देशात उद्योग उभा राहावा, ही कल्पना स्वदेशीच्या काळापासूनची आहे आणि ती पवित्र आहे. म्हणूनच तिच्या नावाने रिकाम्या कारखान्याचे चित्र विकले जाते तेव्हा केवळ रुपये नव्हे, पुढच्या खऱ्या उद्योजकाला मिळणारा विश्वासही बुडतो.

ज्यांचे पैसे गेले त्यांना लोभी म्हणून मोकळे होण्याची एक सोयीची रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. पेन्शनीच्या रकमेवरील व्याज महागाईला पुरेनासे झाले म्हणून बाजाराकडे वळलेला निवृत्त शिक्षक, आणि पहिल्या पगारातून दहा शेअर घेणारी मुलगी, यांना सट्टेबाज म्हणणे अन्यायाचे आहे. देशातील डीमॅट खाती मार्च २०२० मध्ये सुमारे ४ कोटी होती. २०२४ अखेर ती १८ कोटींवर गेली. ह्या लोकांना बाजारात या, या म्हणून हाका मारणारे अनेक होते. बाजारातील खड्डे दाखविणारे थोडे. त्यात आम्हां वृत्तपत्रवाल्यांचाही दोष आहे. कंपनीने पाठविलेले पत्रक आम्ही बातमी म्हणून छापतो, आणि तीस हजार गाड्या मागणार कोण, कोणत्या किमतीला, असा साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

बुडालेल्या भागधारकाच्या पुढे कोणता मार्ग असतो, हेही नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या गोव्यात म्हापसा अर्बन बँकेचा परवाना एप्रिल २०२० मध्ये आणि मडगाव अर्बन बँकेचा जुलै २०२१ मध्ये रद्द झाला. त्यापूर्वी निर्बंधांच्या काळात पैसे काढण्यासाठी ठेवीदारांनी किती खेपा घातल्या, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ठेवीदाराला निदान पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच होते. भागधारकाला असे कवच नाही. जून २०२५ मध्ये इरेडाच्या अर्जावरून राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाने जेनसोलविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही दाखल करून घेतली. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात कंपनी मोडीत निघाली तर पैसे वाटण्याचा क्रम लावून दिला आहे: आधी कार्यवाहीचा खर्च, मग कामगार व तारण असलेले धनको, मग इतर देणी, आणि अगदी शेवटी साधा भागधारक. निर्णय घेते ती धनकोंची समिती. त्या समितीत भागधारकाला स्थान नाही. हा क्रम अन्याय्य आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याने उसने दिले त्याचे आधी फेडावे, हा व्यवहार आहे. पण रांगेत शेवटी उभे राहावे लागणाऱ्यास, रांग कोठवर सरकली हे तरी सांगावयास नको काय?

ह्या भूमीला भागधारक हा शब्द काही मुंबईच्या बाजाराने शिकविलेला नाही. आपल्या गावकऱ्यांत गावकराला जोण मिळे, गावच्या जमिनीच्या उत्पन्नात वाटा असे आणि गावाचा कारभार सभेपुढे येई. त्या व्यवस्थेत दोष होते आणि कलहही होते. पण वाटेकरी म्हणजे हिशेब ऐकण्याचा हक्क असलेला माणूस, हा अर्थ तिने लोकांच्या मनावर बिंबविला होता. आजच्या भागधारकाला मोबाईलवर दर क्षणाचा भाव दिसतो, हिशेब मात्र दिसत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. कर्जफेड तीस दिवसांहून अधिक थकली तर चोवीस तासांत बाजाराला कळवावे, असा नियम सेबीने २०२० पासून लागू केला आहे. त्या नियमाचे पालन केवळ कंपनीच्या शब्दावर सोडू नये; धनकोंनीही तशी सूचना परस्पर बाजाराला द्यावी. किंमत आणि मुदत नसलेल्या इच्छापत्राला मागणी म्हणून जाहीर करण्यास मनाई असावी. दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीच्या व्यवस्थापकाने भागधारकांसाठी दरमहा एक निवेदन काढावे, आणि ते मराठीसह लोकांच्या भाषांतून निघावे. एका पानाचे निवेदन. पण त्यात काय उरले, काय गेले आणि आशेस जागा आहे की नाही, हे स्पष्ट असावे. नाही म्हणून सांगितले तरी चालेल. अनिश्चित आशेने माणूस जितका झिजतो तितका निश्चित नकाराने झिजत नाही.

आणि आमच्या वाचकांस एवढेच सांगणे आहे. शेअर घेण्यापूर्वी कंपनीचे नाव नव्हे, तिचे कर्ज पाहा. प्रवर्तक आपला हिस्सा वाढवीत आहेत की विकीत आहेत ते पाहा. प्रश्न विचारण्यास संकोचू नका. गुंतविलेले सारे गेले तरी घरची चूल पेटेल, एवढीच रक्कम अशा उद्योगात घाला. एप्रिल २०२५ मध्ये ब्लूस्मार्टच्या गाड्या एकाएकी थांबल्या तेव्हा हजारो चालकांची रोजची मिळकत गेली. त्यांच्या घरीही कोणीतरी खबरेची वाट पाहत होतेच. होडी किनाऱ्याला लागली की फुटली हे घरच्यांना सांगणे, हे किनाऱ्यावरच्या माणसाचे पहिले कर्तव्य मानले जाते. लोकांच्या पैशावर उद्योग चालविणाऱ्यांनी आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांनी निदान एवढे कर्तव्य तरी वेळेवर बजावावे.